चंचल नावाची बाई

वैशाख सरत आला की उल्हासनगरातल्या जुन्या इमारतींच्या दारांवर नोटिसा चिकटायला लागतात. 'सदर इमारत धोकादायक आहे, रहिवाशांनी त्वरित खाली करावी.' खळ अजून ओली असते, कागदाचे कोपरे उन्हानं वळत असतात आणि त्याच कागदाखालून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन आत जात असतात. यंदा पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, तर तिथल्या चार नंबर कॅम्प वस्तीत रिक्षा नेमकी अशाच एका दारासमोर अडकली. मी नोटीस वाचतेय हे आरशात बघून रिक्षावाला म्हणाला, "टेन्शन मत लो मॅडम, हर साल लगाते हैं. कुछ नहीं होता."

मला इतका राग आला की मी तिथंच उतरले आणि भर उन्हात चालत सुटले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण 'कुछ नहीं होता' हे शब्द मी एका उन्हाळ्यात इतक्या तोंडांतून ऐकलेत की आता ते ऐकले की माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. त्या उन्हाळ्याबद्दल मी कुणाला माफ केलेलं नाही. करायचं कारणही मला अजून सापडलेलं नाही.

तेव्हा आम्ही उल्हासनगरातच राहत होतो. चार मजली इमारत, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. मी, माझा नवरा आणि सासूबाई. आम्ही दोघंही अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला. मी एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये, तो दुसऱ्या कंपनीत मशीनवर. दिवसभर घर सासूबाईंच्या ताब्यात. त्या वांगणीकडच्या, शेतावर वाढलेल्या. आवाज बांधावरून पलीकडच्या बांधावर पोचवायची सवय, ती इमारतीतही सुटली नव्हती.

समोरच्या दारात चंचल राहायची. साठीच्या आसपासची सिंधी बाई. नवरा अर्जनभाई, त्यांचं एक अंग लुळं पडलेलं. बाई पापड करून दुकानांना द्यायची, आणि उन्हाळाभर गच्चीवर तिच्या पापडांची पांढरी शेतं पसरलेली असायची. मिरी-जिऱ्याचा तो कोरडा, नाकाला झोंबणारा वास जिन्यातून खाली यायचा. सासूबाईंच्या कुरडया त्याच गच्चीवर. दोघींची जागेवरून दर वर्षी ठिणगी पडायची आणि दर वर्षी कुरडयांची पिशवी इकडून तिकडे आणि पापडांची गड्डी तिकडून इकडे जाऊन ती विझायची.

तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. चंचल? हे काय नाव झालं? माझ्या प्रगतिपुस्तकावर बाई दर सहामाहीला लिहायच्या, 'हुशार, पण चंचल'. त्या शेऱ्यासाठी मी वडिलांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात. आमच्याकडे हा शब्द म्हणजे दूषण. मन चंचल, लक्ष्मी चंचल, म्हणजे भरवसा ठेवू नये अशी गोष्ट. कुणी आपल्या मुलीचं नाव 'उडाणटप्पू' ठेवावं तसं मला ते वाटलं होतं.

मी तिला एकदा विचारलंच. पापड लाटता लाटता ती म्हणाली, "भाभी, मी जन्मली तेव्हा रडली नाय, हिलली नाय. दाईने बोला, गयी. माझी नानी मला उलटी करून पाठीवर मारत राहिली, मारत राहिली. मग माझा पाय हिलला. नानी बोली, 'ही तर चंचल आहे!' बस, तेच नाव." लाटणं थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. "आमच्यात जी हिलते ती जिंदा. तुमच्यात काय?"

आमच्यात काय, ते तिला लवकरच कळणार होतं.

त्या वर्षी होळी झाली आणि नेहमीपेक्षा लवकरच इमारतीवर नोटीस लागली. सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. चेअरमन परचुरे साहेब, अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. शर्ट खोचलेला, बोलणं मोजकं, मतं पक्की. त्यांनी नोटीस वाचून दाखवली आणि घडी करून खिशात घातली. "इमारत आपल्यापेक्षा तरुण आहे," असं म्हणाले. लोक हसले. खाली करून जायचं कुठं, एकदा गेलं की परत कोण घेतंय, हा खरा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. त्या दिवशी सगळ्यांत जोरात बोलली ती चंचलच. "अर्जनला घेऊन मी कुठे जिने चढू? हम नहीं जायेंगे. ज्याला यायचं त्यानं येऊन मला उचलावं." टाळ्या पडल्या. परचुरे म्हणाले, "याला म्हणतात ठामपणा. शिका जरा." सासूबाईंनी घरी येऊन तिच्यासाठी ताक पाठवलं.

पण दारं अडकायला लागली होती.

तो उन्हाळा मला रंध्याच्या आवाजानं आठवतो. कुणाचं पुढचं दार चौकटीत बसेना, कुणाच्या बेडरूमचं लागलं की उघडेना. सुतार दारं काढून जिन्यातच तासायला बसायचा. लाकडाचे कुरळे छिलके पायऱ्यांवरून गडगडत खाली जायचे. आमचं स्वयंपाकघराचं दार दोनदा तासलं. "लाकूड फुगतंय," परचुरे म्हणायचे. ऐन चैत्रात, घशाला कोरड पडेल अशा हवेत, लाकूड फुगत होतं! सुतार त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि रंधा मारायचा. चौकट तिरकी झालीये हे कुणालाही दिसत होतं. मला दिसत होतं, सासूबाईंना दिसत होतं. दार तासलं की ते दिसायचं थांबायचं, एवढंच.

मग एका सकाळी अर्जनभाई न्हाणीघरात अडकले. दार लागलं ते लागलंच. आत लुळा माणूस, नळ चालू, आणि बाहेर चंचल हातानं, खांद्यानं, पाट्यावरच्या वरवंट्यानं दारावर घाव घालतेय. खालच्या दुकानातल्या दोघांनी पहारीनं दार फोडलं तोवर अर्जनभाई ओल्या फरशीवर पडलेले, तोंड पांढरंफटक. त्यांना बाहेर काढल्यावर चंचल त्या रिकाम्या चौकटीकडे वळली. तिनं वरच्या कोपऱ्यात हाताचा पंजा घातला. पंजा आरपार गेला.

पुढच्या मीटिंगला ती उठली आणि म्हणाली, "मी गलत बोली होती. निकलना चाहिए. सबको."

कुणीतरी मागून म्हणालं, "नावच चंचल, अजून काय होणार?" आणि गच्ची हसली. परचुरे हसले नाहीत. ते म्हणाले, "काल एक, आज एक. अशा लोकांमुळे सोसायटी फुटते."

त्या दिवसापासून तिला इमारतीनं वाळीत टाकलं. असा ठराव कुणी केला नाही, करावा लागला नाही. इमारतीच्या जागेवर डोळा असलेल्या बिल्डरनं तिला फोडली अशी आवई उठली. टाकीवरचा तिच्या घराचा वॉल्व्ह कुणीतरी बंद करायचं; ती वर जाऊन उघडायची, तास-दोन तासांत तो परत बंद. एका दुपारी तिचे ओले पापड चादरीसकट ओढून गच्चीच्या धुळीत उलटे केलेले सापडले. कुणी केलं ते विचारायची सोय नव्हती, कारण गच्चीवर तेव्हा निम्मी इमारत होती आणि कुणीच काही पाहिलं नव्हतं. ती जिन्यात दिसली की पोरं तालावर ओरडायची, "चं-चल, चं-चल", आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून हसू दाबायच्या.

आमच्या घरात तर युद्धच. मी कामावरून येऊन तिला बादलीभर पाणी द्यायला निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. "ह्या घरातनं तिला पाणी जायाचं नाय."

"आई, तिच्याकडे आजारी माणूस आहे."

"मंग तवा टाळ्या कशाला घेतल्यान? आम्हाला चढवलान आन् आता सोता उतरते? जीभ हाय का भिंगरी?" त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि मोरीत ओतली. पाणी खळखळत गेलं. मी दुसरी भरली. तीही ओतली. तिसरी मी भरली तेव्हा माझा नवरा उठला, बादली घेऊन समोर गेला आणि परत येऊन गुपचूप जेवायला बसला.

त्याच सुमारास मी वडिलांचा कोश काढला. ते शाळेत मराठी शिकवायचे. त्यांच्यामागे हा पाठ उसवलेला जाडजूड ठोकळा माझ्याकडे आला होता. मला बघायचं होतं की या शब्दात शिवी कुठून आली. धातू चल्, म्हणजे हलणे, जाणे. तोच दोनदा घेतलेला: चल्-चल्, त्याचं झालं चंचल. पुन्हा पुन्हा हलणारे, एवढंच. त्यात खोटेपणा नव्हता, दगा नव्हता, तो आपण भरला. याच धातूच्या कुळात आपलं चालणं आहे, बुद्धी चळते ते चळणं आहे, आणि चळवळही आहे. चळवळ म्हटलं की आपण मान ताठ करतो आणि चंचल म्हटलं की नाक मुरडतो. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीला पाट आणि एकीला उंबऱ्याबाहेर. उलट न हलणाऱ्यासाठी आपल्याकडे किती शब्द! ठाम, अढळ, अटल, स्थिर, पक्का, शब्दाचा खरा. आपल्या भाषेत दगडाला मान फार.

आणि मग लक्षात आलं की 'चल चल' तर आपण रोज म्हणतो. उशीर करणाऱ्या पोराला म्हणतो, पायरीवर येऊन बसलेल्या कुत्र्याला म्हणतो. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना जिन्यात ती माझ्या पुढं उतरत होती, आणि परचुरे साहेबांच्या दारातून, कोण ते दिसलं नाही, आवाज आला, "चल, चल, निघ." तिचं नाव मधोमध मोडून तिच्यावर फेकलं होतं. मी कोशात जे वाचलं होतं ते बाहेर असं वापरात होतं.

ती खचली. मला वाटतं पाण्यापेक्षा, पापडांपेक्षा अर्जनभाईंनी खचवली. ते रडायला लागले होते. मला कुठं नेऊ नको, इथंच मरू दे, असं अर्ध्या तोंडानं म्हणत राहायचे. वैशाखात पुन्हा मीटिंग झाली तेव्हा चंचल उठून खालच्या मानेनं म्हणाली, "ठीक है. नाही जात. तुम्ही जे बोलाल ते." परचुऱ्यांनी स्वतः तिला खुर्ची दिली. वॉल्व्ह उघडा राहू लागला. सासूबाईंनी कुरडया दिल्या. इतक्या लवकर सगळं गोड झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, अर्जनभाईंच्या छतातून प्लॅस्टरचा पाटाएवढा तुकडा पडला. त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर, खाटेच्या कडेला. वर गंजलेल्या सळया दिसत होत्या, बरगड्यांसारख्या. परचुरे येऊन बघून गेले. म्हणाले, "गिलावा आहे, पडतो. मिस्त्री पाठवतो. कुछ नहीं होता."

चंचलनं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं अर्जनभाईंना जेवू घातलं, तोंड पुसलं, चप्पल घातली आणि पालिकेच्या कार्यालयात जाऊन बसली. आमचं पाणी-लाईट तोडा, असं तिनं तिथं सांगितलं. सगळ्या इमारतीचं. त्याशिवाय ही माणसं हलणार नाहीत. ती रोज जाऊन बसत राहिली, आणि एका सकाळी पालिकेची माणसं पोलीस घेऊन आली आणि त्यांनी खरोखरच तोडलं.

वैशाखाचा शेवट. पंखे थांबले तसा अख्ख्या इमारतीचा घाम एकदम बाहेर आला. मी त्या दिवशी सुट्टी काढून घरी होते, म्हणून मी जिन्यातलं सगळं पाहिलं. लोक तिच्या दारासमोर जमले. कुणीतरी तिच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं. बायका तिच्या सात पिढ्या काढत होत्या, सिंधीत, मराठीत, हिंदीत. त्या दिवशी भाषेचं भांडण नव्हतं. परचुरे साहेब, ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, किंचाळले, "तुम्हाला एक मत आहे का? सकाळी एक, दुपारी एक! तुमच्यासारख्या बाईच्या शब्दावर कोण थुंकेल तरी?"

ती दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. "साहेब," ती म्हणाली, "मी तीन वेळा फिरली. और पचास बार फिरूंगी. छत एक बार गिरेगी."

सासूबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. त्या म्हणाल्या, "तुझं तोंड बघायचं नाय मला. मेलीस तरी नाय." आणि त्यांनी तिच्या उंबऱ्यावर बोटं मोडली.

लोक शिव्या देत देत निघाले. टेम्पो भरत होते आणि प्रत्येक टेम्पो सुटताना तिच्या खिडकीकडे बघून काहीतरी ओरडत होता. आम्ही बदलापूरला सोनिवलीत भाड्यानं घर घेतलं, नव्या इमारतींच्या गर्दीत, जिथं भिंतींना अजून रंगाचा वास होता आणि खिडकीतून उरलीसुरली भातखाचरं दिसत होती. सासूबाई रोज सकाळी चहाबरोबर चंचलला शिव्या घालायच्या. पाऊस आला, आषाढ गेला. इमारत उभीच होती. परचुरे साहेब फोन करून सांगायचे, "आजही बघून आलो. टेचात उभी आहे. एका बाईच्या लहरीपायी आपण वनवासात." मी तेव्हा विचार करायचे की आता ही इमारत पडली तरच त्या बाईची सुटका आहे. एखाद्या माणसाला खरं ठरायला छत कोसळावं लागतं, यापेक्षा मोठी हलकट गोष्ट माझ्या ऐकण्यात नाही.

श्रावणात एका दुपारी ती पडली. सगळी नाही. वरच्या तीन मजल्यांचे स्लॅब एकावर एक, आमच्या बाजूचे, खाली दुकानांपर्यंत. दुकानंही तेव्हा बंद होती. कुणाला खरचटलं नाही. माझा नवरा बघून आला. म्हणाला, "आपलं स्वयंपाकघर दिसत नाहीये." दुपारच्या त्या वेळेला सासूबाई रोज तिथंच, ओट्याशी बसून भाकरी थापत असायच्या. त्यांनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर शिव्या आल्या नाहीत.

नवरात्राच्या आधी सगळ्या रहिवाशांना एका हॉलमध्ये बोलावलं, पुढं काय करायचं ते ठरवायला. चंचल आली होती, एकटी. मागच्या रांगेत, शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मला वाटलं होतं कुणीतरी उठून तिच्याकडे जाईल. उलट मागून कुजबुज ऐकू आली, "काळ्या जिभेची. बोलली आणि पाडली."

परचुरे साहेब उठले. शर्ट तसाच खोचलेला. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "देवाची कृपा. मी पहिल्यापासून सांगत होतो की इमारत खाली केली पाहिजे. वेळीच निर्णय घेतला म्हणून आज आपण सगळे आहोत."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच डोलावल्या. मी आजूबाजूला बघत होते, एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्या माणसानं आमच्या डोळ्यांदेखत आपला सबंध उन्हाळा उलटा घालून दाखवला, आणि त्याला चंचल म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तो आजही ठामच होता. ठाम माणसाला फिरावं लागत नाही. तो उभा असतो तिथं त्याच्याखालची जमीन लोक सरकवून देतात.

मी उठणार होते. पण माझ्या शेजारची खुर्ची आधी वाजली.

"खोटं बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. बांधावरचा आवाज, हॉलला तो मावेना. "तुम्ही नोटीस खिशात घातलीत. आम्ही दारं तासली. म्या सोता दोनदा तासून घेतलं. बाहेर काढलान ते तिनं." त्यांनी मागं न बघता अंगठा मागं केला.

परचुरे हसले, समजूत घालावी तसं. "आजी, तुम्हीच तर तिच्या दारावर बोटं मोडली होतीत. आता तुम्हीपण फिरलात?"

"व्हय, फिरले," सासूबाई म्हणाल्या. "मान हाय म्हणून फिरते. बसा खाली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. परचुरे खाली बसले नाहीत; त्यांनी पुढचा विषय काढला आणि मीटिंग चालू राहिली. संपल्यावर चंचल आमच्या समोरून गेली. सासूबाई उभ्या राहिल्या, पदर सावरला, तोंड उघडलं. चंचलनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, बाकी काही नव्हतं. ती पायऱ्या उतरून रिक्षात बसली आणि गेली. अर्जनभाई तिच्या भाचीकडे आहेत, एवढं कुणाकडून तरी कळलं. नंतर ती आम्हाला भेटली नाही. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. बरोबर केलं.

बदलापूरला परत येताना सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "एक शब्द तरी बोलायचा व्हता तिनं."

"काय बोलणार होती ती, आई?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चिडून म्हणाल्या, "शिवी तरी द्यायची."